मुळशीचे पाणी आणि लेसोथोचे पाणी

आपल्या चळवळीचे आफ्रिकेशी नाते नवे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव समोर ठेवून. पुढच्या पंधरावीस वर्षांत आपल्या नियतकालिकांतून काळ्या लेखकांविषयी, दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते आवश्यकच होते. पण आपण आफ्रिकेकडे पाहिले ते बहुधा कातडीच्या रंगातून. भांडवलाच्या वाटेने तेथवर जाऊन पाहण्याचे आपण टाळले. भांडवल हा शेठजींचा, फार तर कामगार पुढाऱ्यांचा विषय, अशी आपली एक समजूत होऊन बसली होती. ती समजूत आता परवडणारी नाही. २००५ साली पुण्यातच दलित उद्योजकांची ‘डिक्की’ स्थापन झाली. आपल्यातले काही तरुण आज कारखाने चालवतात, माल बाहेर पाठवतात, शेअर घेतात. त्यांना हिणवण्यासाठी मी हे लिहीत नाही. गुंतवणूक नावाच्या व्यवहाराचा इतिहास आपल्या बाजूने लिहिला गेला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि त्यासाठी मी राहतो त्या मुळशी तालुक्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

मी भरे येथे राहतो. पिरंगुट-घोटावडे पट्ट्यातले हे गाव. भाताच्या खाचरांच्या जागी येथे आता पत्र्याच्या शेड आणि कंपाउंडच्या भिंती आहेत. अशाच एका कारखान्याच्या निर्यात विभागात माझा एक माजी विद्यार्थी नोकरीला आहे. त्याच्या मालकांना आफ्रिकेत धंदा वाढवायचा होता. एका सल्लागाराने दिलेले माहितीपत्रक घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, लेसोथो हा देश आहे कुठे?”

नकाशात तो सापडायला वेळ लागतो. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, सुमारे तीस हजार चौरस किलोमीटरचा, डोंगरांचा देश. गुंतवणूकदाराला हवे ते सगळे त्या पत्रकात होते. १९६७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय विकास महामंडळ तयार शेड भाड्याने देते. लोटी हे चलन दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेले आहे. १९१० पासून चालत आलेल्या जकात संघामुळे शेजारच्या मोठ्या बाजारात माल विनाअडथळा जातो. कारखानदारीवरच्या नफ्याला कर अवघा दहा टक्के. मजूर स्वस्त, आणि पाणी मुबलक. जमीन कोणाची, पाणी कोणाचे आणि मजूर इतका स्वस्त का, या तीन गोष्टींबद्दल मात्र पत्रकात चकार शब्द नव्हता. हे मौन माझ्या ओळखीचे होते. शंभर वर्षांपूर्वी याच तालुक्यात एक मोठी गुंतवणूक झाली, तेव्हाचे कागदही असेच मुके होते.

टाटांनी सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करण्याची पहिली कंपनी १९१० साली काढली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. १९१६ साली आंध्रा खोऱ्यासाठी दुसरी कंपनी निघाली. १९१९ साली तिसरी, आणि तिची नजर मुळशी पेट्यावर होती. निळा आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधायचे, पूर्वेकडे भीमेला जाणारे पाणी डोंगरातून पश्चिमेला कोकणात वळवायचे, ते भिऱ्याला खाली सोडायचे आणि वीज मुंबईला न्यायची, अशी योजना होती. भागधारक मुंबईचे, गिऱ्हाईक मुंबईचे. मुळशीने द्यायची होती ती आंबेमोहोराची खाचरे आणि पन्नासच्या आसपास गावे. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या हाती दिला. खाजगी कंपनीच्या नफ्याला ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणण्याची सोय त्या कायद्यात होतीच.

मुळशीचा सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे होते, पुण्याचे आणखी कार्यकर्ते होते, आणि ‘जान किंवा जमीन’ म्हणत मावळे शेतकरी, त्यांच्या बायका उघड्या बांधावर बसल्या होत्या. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले, तुरुंग भरले, आणि १९२४ च्या अखेरीस लढा संपला. धरण झाले. या लढ्याचा साक्षेपी इतिहास राजेंद्र व्होरा यांनी लिहिला आहे आणि धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा म्हणून आज त्याचा गौरव होतो. मलाही त्या लढ्याविषयी आदर आहे. बापटांची निष्ठा नि:संशय होती.

परंतु आदर बाळगून काही प्रश्न विचारले पाहिजेत. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी तोवर पुण्यातल्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्याच नावावर झाल्या होत्या. ही मंडळी बहुतांशी ब्राह्मण होती. त्यांच्या दृष्टीने जमीन म्हणजे रक्कम. कंपनीने रक्कम देऊ केल्यावर त्यांच्यातील अनेकांनी ती पत्करली, आणि कसणाऱ्या मावळ्याच्या पायाखालची जमीन लढा चालू असतानाच सरकली. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा कसणाऱ्याची होती आणि जमिनीचा कागद दुसऱ्याचा होता. लढा मोडला तो केवळ सरकारच्या लाठीने मोडला नाही, तो या दुभंगामुळेही मोडला.

इथपर्यंतचा इतिहास लिहिला गेला आहे. याच्या खालची पायरी मात्र रिकामी आहे. गाव तिथे महारवाडा, असे आपल्याकडे म्हणतात. मुळशीच्या पाण्याखाली गावे गेली म्हणजे महारवाडेही गेले, मांगवाडेही गेले. त्यांचे काय गेले? मावळ्याची जमीन गेली, सावकाराची थकबाकी वसूल झाली. महाराचे जे गेले त्याला कायद्याच्या भाषेत नावच नव्हते. वतनाची चतकोर-नितकोर जमीन असेल ती कागदावर तरी होती. पण त्याचे खरे पोट होते ते बलुत्यावर, खळ्यावरच्या वाट्यावर, सुगीतल्या मजुरीवर, रानातल्या काटक्या-गवतावर, नदीतल्या मासळीवर. १८९४ च्या कायद्याची तराजू जमिनीपुरती होती. जमिनीवर आणि पिकावर दाम लावता येत होते. गाव बुडाले की बलुते बुडते, पण बलुत्याची किंमत कोण ठरवणार आणि कोणत्या दराने? ज्या गुलामगिरीतून आपण सुटू पाहत होतो तिचीच नुकसानभरपाई मागायची, हाही एक विलक्षण पेच होता. बलुते हा हक्क नव्हता, ते दास्याचे वेतन होते. पण ते दास्य पाण्याखाली गेले म्हणून महार मोकळा झाला असे नाही. तो केवळ बेकार झाला.

असा बेकार झालेला माणूस त्या काळी कुठे जाई? खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, रेल्वेच्या कामावर, आणि मुख्यत: मुंबईला, गिरणीत. येथे ही कथा एक कडवट वळण घेते. गिरण्या चालत होत्या टाटांच्या विजेवर, म्हणजे मावळातल्या पाण्यावर. त्या पाण्यामागोमाग माणूस मुंबईला आला तर त्याला कताईखात्यात घेत, पण चांगली मजुरी मिळणाऱ्या विणखात्याचे दार बंद. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा स्पृश्य विणकराला चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. विजेला जात नव्हती. तिच्यावर चालणाऱ्या मागाला होती.

भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. भिरे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. त्याच वर्षी, त्याच कुलाबा जिल्ह्यात, २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसे पाण्याला शिवली म्हणून त्यांची डोकी फोडली गेली. मुळशीचे पाणी मुंबईच्या भागधारकासाठी डोंगर फोडून त्या जिल्ह्यात उतरवता येते, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणसाला ओंजळभर पाणी घेता येत नाही. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना दोन वेगळ्या प्रकरणांत येतात. एक ‘औद्योगिक विकास’ आणि दुसरे ‘समाजसुधारणा’. मी वर्गात त्या एकत्र शिकवतो.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की धरणे नकोत, कारखाने नकोत, मावळ जसे होते तसे राहिले असते तर बरे झाले असते. हा शहरी निसर्गप्रेमींचा विचार असेल, आपला नव्हे. गावगाडा जसाच्या तसा टिकवण्यात आपला कोणता लाभ होता? बाबासाहेबांनी १९१८ सालीच शेतीच्या तुकड्यांवरील निबंधात औद्योगिकीकरण हा उपाय सांगितला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनीच चालना दिली, आणि १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी घटनेच्या कलमांच्या भाषेत मांडली. धरणाला त्यांचा विरोध नव्हता. धरण कोणाच्या मालकीचे आणि त्याच्या करारात कोणाचे नाव, हा त्यांचा प्रश्न होता.

हाच प्रश्न घेऊन आता लेसोथोकडे जाऊ. बासोथो लोकांचा राजा मोशोशो याने बोअर वसाहतवाल्यांशी लढता लढता १८६८ साली इंग्रजांचे संरक्षण मागितले. देश वाचला, पण कॅलेडन नदीच्या पश्चिमेची सुपीक जमीन गेली. उरले डोंगर. डोंगरावर सगळ्यांचे पोट भरेना, म्हणून पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत उतरले. पुढे एक काळ असा आला की लाखाहून अधिक बासोथो पुरुष सीमेपलीकडच्या खाणींत होते. मजूर स्वस्त का, याचे उत्तर येथे आहे. जमीन आधी काढून घेतली गेली, मजूर मागाहून स्वस्त झाला. १९६६ साली देश स्वतंत्र झाला आणि विकासाचे तज्ज्ञ आले. जागतिक बँकेने १९७५ च्या अहवालात या देशाचे चित्र रंगवले ते बाहेरच्या जगाचा वारा न लागलेल्या मागास शेतकऱ्यांचे. शंभर वर्षे ज्यांच्या घामावर शेजारच्या देशाचे सोने निघाले, ते लोक म्हणे बाजाराला अनोळखी! जेम्स फर्ग्युसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९९० साली या अहवालाची चिरफाड केली. मला त्यात आपल्याकडच्या सरकारी कागदांतला ‘अज्ञानी, मागास मावळी माणूस’ दिसला. माणसाला मागास ठरवले की त्याला विचारण्याची गरज उरत नाही.

लेसोथोची मोठी संपत्ती म्हणजे डोंगरातले पाणी. ते दक्षिण आफ्रिकेच्या उद्योगपट्ट्याला हवे होते. जानेवारी १९८६ मध्ये वर्णद्वेषी राजवटीने लेसोथोच्या सीमा रोखल्या, त्याच महिन्यात तेथे लष्करी बंड होऊन सरकार गेले, आणि २४ ऑक्टोबर १९८६ रोजी नव्या लष्करी सरकारने पाण्याच्या करारावर सही केली. कात्से येथे १८५ मीटर उंचीचे धरण झाले. डोंगरातून बोगदे काढून पाणी दुसऱ्या बाजूला वळवले गेले, वाटेत मुएला येथे ७२ मेगावॅटचे वीजघर बसवले, आणि १९९८ सालापासून पाणी दक्षिण आफ्रिकेला जाऊ लागले. मुळशीची आठवण होण्यासाठी यापेक्षा अधिक काय हवे? सप्टेंबर १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे सैन्य लेसोथोत शिरले तेव्हा कात्से धरण ताब्यात घेणे हे त्याचे एक काम होते आणि तेथे माणसे मेली. तोवर तिकडे वर्णद्वेषी राजवट जाऊन मंडेलांचे सरकार आले होते, हे विसरू नये. गुंतवणुकीचे रक्षण करताना सरकारचा रंग फारसा आड येत नाही.

मात्र लेसोथोला या पाण्याबद्दल दरवर्षी स्वामित्वशुल्क मिळते. देशाच्या तिजोरीतली ती एक भरवशाची रक्कम आहे. मुळशी तालुक्याला असे कोणी काही देत नाही. दुसरे असे की लेसोथोत जमीन खाजगी मालकीची नाही. ती साऱ्या राष्ट्राची, राजा विश्वस्त, आणि परंपरेने गावचे प्रमुख ती कसायला देत. त्यामुळे भरपाईचा हिशेब करताना मालकाला रक्कम देऊन मोकळे होण्याची पळवाट तेथे नव्हती. कात्सेच्या लोकांना शेताबद्दल दरवर्षी धान्य किंवा पैसे द्यायचे ठरले, आणि पुढे ही मुदत पन्नास वर्षांची झाली. गावाची सामाईक कुरणे बुडाली त्याबद्दल गावाला सामाईक भरपाई ठरली. म्हणजे गुराख्याचे कुरण हिशेबात आले. आपल्याकडे १८९४ च्या कायद्याने महाराचे गवत आणि काटक्या कधी मोजल्या नाहीत.

मी लेसोथोचे गोडवे गात नाही. ठरलेली भरपाई वेळेवर आणि पुरती मिळत नाही, ही तिथल्या लोकांची तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. धरणाच्या काठच्या वाड्यांना नळ नाही, ही तिकडचीही कथा आहे. प्रकल्पाचा मुख्य अधिकारी परदेशी कंपन्यांकडून लाच घेतल्याबद्दल २००२ साली दोषी ठरला. आणि २००६ साली कायदा बदलेपर्यंत विवाहित स्त्री तिथल्या कायद्यात अज्ञान मुलासारखीच होती, त्यामुळे कुटुंबाची भरपाई कोणाच्या हाती पडत असेल ते सांगायला नको. राजा विश्वस्त आहे म्हणून रयत सुखी असते, असे शिवकाळाच्या नावाने आपल्याकडेही सांगितले जातेच. एक गोष्ट मात्र त्या लहान देशाने करून दाखवली. लाच देणाऱ्या बड्या परदेशी कंपन्यांना त्याने आपल्या न्यायालयात उभे केले आणि दोषी ठरवले. कॅनडाच्या एका अभियांत्रिकी कंपनीवर मग २००४ साली जागतिक बँकेलाही बंदी घालावी लागली. एवढी छाती मोठमोठ्या देशांना झालेली नाही.

राहिली त्या पत्रकातली शेड. २००० साली अमेरिकेने आफ्रिकी मालाला जकातमाफीचा कायदा केला, तेव्हा तैवानच्या मालकांनी मसेरू आणि मापुत्सोए येथे कपड्यांचे कारखाने थाटले. हजारो बायका शिवणयंत्रांवर बसून अमेरिकेसाठी जीनच्या पँटी शिवू लागल्या. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी याच देशावर ५० टक्के जकात जाहीर केली. पुढे ती १५ टक्क्यांवर आली, पण मधल्या महिन्यांत मागणी आटली आणि बायका घरी बसल्या. मालकाला शेड भाड्याची होती. तो निघून जाऊ शकतो.

हे विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सर, आपल्याकडे तरी काय वेगळं आहे?” वेगळे आहे ते असे की भऱ्याच्या पट्ट्यात जमीन कोणी बळाने घेतली नाही. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्या कुळाला मालक केले, मजुराला नव्हे. हिंजवडी-माणला माहिती तंत्रज्ञानाचे नगर उभे राहिले, पिरंगुट, उरवडे, भरे येथे शेड उठल्या, आणि ज्यांच्या नावावर गट नंबर होते त्यांनी ते विकले. काहींनी पैसा शहाणपणाने वापरला, काहींनी गाड्यांत घातला. तो त्यांचा प्रश्न. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते त्यांचे शेतातले काम त्या खरेदीखताबरोबर संपले आणि ती माणसे, विशेषत: बायका, ठेकेदाराच्या हजेरीवर त्याच शेडमध्ये गेल्या. ७ जून २०२१ रोजी उरवड्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात आग लागून सतरा कामगार जळून मेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या.

आपल्याही नावावर थोडी जमीन होती, ती वतनाची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध विधेयक आणले, आणि वतने शेवटी गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीने, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशी. ही शर्त रक्षणासाठी होती. पुण्याभोवती जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर मात्र मुखत्यारपत्रे, साठेखते, कोऱ्या कागदावरचे अंगठे यांनी ती शर्त पोखरून टाकली. २०२५ च्या अखेरीस मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार वर्तमानपत्रांत गाजला. तो मोठ्या नावांमुळे गाजला. लहान नावांचे असे व्यवहार तालुक्याच्या कचेरीत कुजत पडले आहेत. आपल्या शिकलेल्या मुलांनी कचेरीत जाऊन जुने फेरफार वाचायला शिकले पाहिजे. पदवीचा याहून तातडीचा उपयोग मला सुचत नाही.

१८९४ चा कायदा एकशेएकोणीस वर्षे टिकला. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने पहिल्यांदा ‘बाधित कुटुंब’ या शब्दात शेतमजूर, वाटेकरी, कारागीर यांना घेतले. संपादनाआधी तीन वर्षे त्या भागात त्याच कामावर पोट असले पाहिजे, एवढी अट आहे. मुळशीच्या महाराला जे १९२१ साली हवे होते ते कागदावर आले. पण तो कायदा सरकारने जमीन संपादन केली तर लागतो. कंपनीने परस्पर विकत घेतली तर फक्त राज्याने ठरवलेल्या मर्यादेहून मोठ्या खरेदीला. भऱ्याच्या खाचरांची खरेदी एक-दोन एकरांनी, निरनिराळ्या नावांवर, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते. तिथल्या दस्तावर लिहून देणाऱ्याची सही असते, लिहून घेणाऱ्याची सही असते आणि दोन साक्षीदार असतात. शेतात चाळीस वर्षे लावणी केलेल्या बाईसाठी त्यात जागा नाही.